टाचणीसरांचा पाय

नवऱ्याच्या तळपायाला टाचणी टोचायचं काम बाईंकडे कसं आलं, हे सांगायचं तर आधी नवऱ्याची टाचणी सांगायला हवी.

गृहस्थ शाळेत शास्त्र शिकवायचे. पोरं त्यांना टाचणीसर म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं होतं. कोटाच्या कॉलरमागे एक टाचणी कायम खोचलेली असे. मज्जासंस्थेचा धडा आला की सर बोलत बोलत बाकांमधून फिरत. एखादं पोरगं वहीत मान घालून लिहीत असलं, की त्याच्या हातावर अचानक टाचणी टोचत. हात झटक्यात मागे येई, आणि 'आई गं!' त्याच्या मागून. सरांचा चेहरा उजळून निघे.

"पाहिलंत? हात आधी, बोंब मागून! टोचल्याची बातमी बोटातून निघाली, मज्जातंतूच्या तारेवरून पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत पोचली. मज्जारज्जू म्हणजे हेडक्लार्क. त्यानं साहेबाला विचारलं का? छे! खाली येणाऱ्या दुसऱ्या तारेनं परस्पर हुकूम सोडला, हात मागे घे. मेंदूसाहेब वरच्या मजल्यावर. त्यांच्याकडे फाइल मागाहून गेली. साहेब म्हणाले, अरेच्चा, दुखतंय की! मग दुखणं कुठे असतं? बोटात? मुळीच नाही. दुखणं डोक्यात असतं. लिहून घ्या."

पोरं लिहून घेत. ज्याला टोचलं तोही लिहून घेई. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर खात्रीसाठी त्याला परत एकदा टोचलं जाई. शास्त्र बरोबर होतं हो. शास्त्रात कुणी चूक काढून दाखवावी! पण शिकवलेलं खरं असतं आणि शिकवणारा दुष्ट असतो, हे दोन्ही एका वेळी असू शकतं, हे त्या पोरांना फार लवकर कळलं.

बाईंना कळायला उशीर लागला, कारण बाई दिवसभर घराबाहेर असत. बस डेपोत त्या अनाउन्सर होत्या. फलाटांच्या टोकाला काचेची एक खोली, आत एक टेबल, एक माइक आणि बाई. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे त्या अशा काही सांगत, की झोपलेला माणूसही आपल्या गाडीचं ऐकून उठावा आणि दुसऱ्याच्या गाडीला घोरत पडावा. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना मान देत. कॅन्टीनवाला त्यांचा चहा स्वतः आणून देई, कारण त्यांचा घसा म्हणजे डेपोची मालमत्ता, असं तो म्हणायचा. घरी मात्र त्या घशाला काम कमी होतं. घरी सर बोलत.

एक दिवस सकाळी माइक चालू होता. बाईंनी 'फलाट' म्हणायला ओठ मिटले, आणि डाव्या गालातून वीज गेली. वीज म्हणजे वीजच. कानापुढून निघाली, दाढांमधून गेली, हनुवटीत शिरली. साऱ्या डेपोनं लाउडस्पीकरवर एक किंकाळी ऐकली आणि मग काहीच ऐकलं नाही. लोकांना वाटलं, गाडीखाली कुणीतरी आलं. बाई टेबल घट्ट धरून बसल्या होत्या. थोड्या वेळानं वीज गेली तशी त्यांना स्वतःलाच वाटलं, काय झालं होतं एवढं? मग त्यांनी पुन्हा ओठ मिटले आणि पुन्हा तेच.

सरांनी घरी तोंड उघडायला लावून बॅटरीनं पाहिलं. "सूज नाही, जखम नाही. दाढ असेल."

दाताच्या डॉक्टरनं एक चांगली धडधाकट दाढ काढली. मग तिच्या शेजारची. मग वरची. शेवटी तोच म्हणाला, "ताई, या बाजूला आता माझ्यासाठी काही उरलेलं नाही." दाढा गेल्या, वीज राहिली. दात घासताना यायची, घास चावताना यायची, पंख्याचा वारा गालावर आला तरी यायची. बाई डोक्याला गालावरून रुमाल बांधायला लागल्या. तोंड उजव्या बाजूनंच धुवायला लागल्या. डाव्या गालाला त्यांनी कित्येक वर्षं पाणी लावलं नाही, इतकी त्या गालाची दहशत. आणि बोलताना यायची, ते तर सगळ्यांत वाईट. डेपोनं त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. काचेच्या खोलीत त्यांच्या आवाजाची जुनी टेप लागली. गोण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बाई दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकायच्या. काही दिवसांनी त्यांनी तीही नोकरी सोडली.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं जुनं सामान मोडीत काढलं. त्यातला मज्जासंस्थेचा तक्ता सरांनी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलासमोर लावला. कातडी सोललेला एक माणूस, अंगभर पिवळ्या तारा. त्याच्याकडे बघत जेवायचं. एकदा मऊ भात उजव्या बाजूनं गिळता गिळता बाईंचं लक्ष त्या माणसाच्या चेहऱ्याकडे गेलं. कानापुढून एक पिवळी तार निघाली होती. तिला तीन फाटे फुटले होते, एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक जबड्याकडे. बाई उठल्या आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"अहो, हे बघा. अगदी इथूनच निघते. आणि या खालच्या दोन फाट्यांवरूनच जाते. रेघभर इकडे नाही, तिकडे नाही."

सर हसले. मोठ्यानं हसले. "चित्र बघून दुखणं ठरवतेस होय? उद्या मूत्रपिंडाचा तक्ता आणला तर पोटात कळा येतील तुझ्या. बस इथे. मज्जातंतू बिघडलाय की शाबूत आहे, आत्ता सांगतो. डोळे मीट."

बाईंनी डोळे मिटले. इतकी वर्षं कुणीतरी तपासेल म्हणून वाट पाहिलेल्या बाईनं दुसरं काय करावं? सरांनी कोटाच्या कॉलरची टाचणी काढली आणि डाव्या गालावर टोचली.

बाई खुर्चीवरून खाली आल्या. फरशीवर पडून त्यांनी गाल दोन्ही हातांनी धरला, पण धरल्यानंही वीज येत होती, म्हणून सोडला, आणि हात नुसते हवेत राहिले. सर वरून बघत होते.

"टाचणीनं एवढं होत नसतं," ते म्हणाले. "सातवीतली पोरंसुद्धा एवढी ओरडत नाहीत. टोचलेलं कळतंय म्हणजे तार ठणठणीत आहे. बाकीचं नाटक आहे. दुखणं डोक्यात असतं, डोकं दुसरीकडे वळव."

लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीला बाईंनी फोनवर हे सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना यातलं कळतं गं. तू उगाच मनाला लावून घेतेस." त्यानंतर बाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. घर शांत झालं. सर म्हणाले, बघ, लक्ष नाही दिलं की जातं.

मग सरांना साखर निघाली.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी सरांचे पाय तपासले आणि म्हणाले, "साखरेनं पायाच्या नसा मरतात. जी नस सगळ्यांत लांब, ती आधी. म्हणजे अंगठा आधी, मग पाऊल, मोजा चढवल्यासारखं वर वर जातं. अजून थोडी संवेदना आहे. दर आठवड्याला इथे येऊन नर्सकडून पाय तपासून घ्या."

"नर्सकडून?" सर म्हणाले. "मी तीस वर्षं मज्जासंस्था शिकवलीय. घरी करीन."

बाई शेजारी बसल्या होत्या. तेवढ्यात पंखा फिरत फिरत त्यांच्याकडे वळला आणि त्यांच्या डाव्या गालाला पीळ पडला. त्यांनी आवाज काढला नाही. पण डॉक्टरांनी पाहिलं.

"ताई, हे कधीपासून होतंय?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे बघत होते. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले, दात घासताना येते का, बोलताना येते का, आणि प्रत्येक प्रश्नाला बाई नुसती मान हलवत गेल्या. "चेहऱ्याची नस आहे ही," डॉक्टर म्हणाले. "अगदी पुस्तकातल्यासारखी. याला गोळी आहे हो! इतकी वर्षं कुणालाच दाखवलं नाहीत?"

"घरातच दाखवलं होतं," बाई म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर सर जिना उतरता उतरता म्हणाले, "मी म्हणालोच होतो, नसेचं काहीतरी असणार."

गोळीनं आठवडाभरात वीज थांबली. बाईंनी मोरीत उभं राहून दोन्ही ओंजळींनी तोंड धुतलं. डाव्या गालावरून पाणी वाहिलं आणि काही झालं नाही. पुन्हा धुतलं. पुन्हा. मग त्या तिथेच नळ चालू ठेवून रडल्या. आनंदानं रडल्या असं कुणाला वाटेल, आणि थोडा आनंद होताही. पण दुखणं गेलं तशी त्याची जागा रिकामी झाली, आणि त्या जागेत राग येऊन बसला. दुखत होतं तोवर रागवायलाही सवड नव्हती. एका गोळीचं काम होतं. एका गोळीसाठी आवाज गेला, नोकरी गेली, तीन दाढा गेल्या.

तर अशा रीतीनं, सरांना स्वतःच्या तळपायाशी वाकता येईना म्हणून, टाचणी बाईंच्या हातात आली. दर रविवारी अंघोळ झाली की सर खुर्चीत बसत, पाय स्टुलावर ठेवत आणि डोळे मिटत. बाई डाव्या हातानं घोटा धरत, उजव्या हातानं टाचणी टोचत आणि विचारत, "टोचली?" सर म्हणत, "टोचली." मग पुढचं बोट. ही पद्धत सरांनीच घालून दिलेली. त्यात एक गफलत होती, आणि ती तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाचीच होऊ शकते. टोचल्याशिवाय बाईंनी कधी विचारलंच नव्हतं. सरांच्या लेखी प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असे.

एका रविवारी गॅसवरच्या दुधाकडे बघता बघता बाई टोचायचं विसरल्या आणि नुसतंच विचारून बसल्या. "टोचली?"

"टोचली," सर म्हणाले.

बाईंना वाटलं, थट्टा करतायत. पण सरांना थट्टा येत नव्हती. बाईंनी टाचणी बाजूला धरूनच पुढचं विचारलं. "टोचली?"

"टोचली, टोचली. जरा हळू टोच."

बाईंनी दूध उतरवलं, गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या. आता त्यांनी काहीच न बोलता अंगठ्याखाली टाचणी खुपसली, चांगली अर्धी आत. पाय जागचा हलला नाही. ना हेडक्लार्क उठला, ना साहेब. टाचणी काढल्यावर रक्ताचा एक थेंब आला आणि ओघळला. सर डोळे मिटून निवांत बसले होते.

"झोपलीस का? विचार की."

सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. अहो, पाय मेलाय तुमचा, उठा, डॉक्टरकडे जाऊ. बाईंच्या ते जिभेवर आलंही. समोर तक्त्यावरचा सोललेला माणूस उभा होता, आणि फरशीवर पडल्यावर तो आपल्याला कसा दिसला होता, ते बाईंना आठवलं. त्यांनी रक्त पुसलं.

"टोचली?"

"टोचली."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

सरांचं चालणं नेहमीसारखं ताठ होतं, म्हणून त्यांना शंका आली नाही. खाली हुकूम नेणारी तार शाबूत होती, वर बातमी नेणारी मेली होती. बातमी वर पोचवायला आता बाईच उरल्या होत्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण नाही सांगितलं तर सांगणारं दुसरं कुणी नाही, हे समजून-उमजून त्या गप्प राहिल्या. त्यांना कुणी भोळं समजू नये.

मग बुटाचं झालं. सरांनी बुटाच्या टाचा मोच्याकडून बदलून आणल्या. सकाळी फिरायला जाताना बूट बाईंनी पुसून द्यायचे, असा घरचा रिवाज. एका सकाळी आतली धूळ काढायला बाईंनी बुटात हात घातला आणि हात झटक्यात बाहेर आला. दुखलं ते नंतर. बोटातून रक्त येत होतं. हात आधी, बोंब मागून. उजेडात धरून पाहिलं तर मोच्याचा एक खिळा आतून वर आलेला, टोकदार, मजबूत. कालचे मोजे त्यांनी बादलीतून काढून पाहिले. टाचेला वाळलेलं रक्त होतं.

 त्यांनी ड्रॉवरमधून पक्कड काढली. मारू नये कुणाला असं, शेवटी संसार केलाय, इतकं त्यांच्या मनात आलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. पकडीत खिळा धरलाही होता. एक हिसका द्यायचा, की झालं.

आतून सरांचा आवाज आला. "अगं, बूट आणतेस की नाही? का परत गालाचं नाटक सुरू झालं?"

बाईंनी पक्कड ड्रॉवरमध्ये ठेवली आणि बूट नेऊन दिले. सरांनी ते घातले, नाड्या आवळल्या आणि फिरायला गेले. परत आल्यावर म्हणाले, आज फार छान चाल झाली.

रोज छान चाल होत होती. बाई रोज मोजे धूत होत्या. पाय पाहायला सर स्वतः वाकत नसत, पोट आडवं येई, आणि पाहायला ठेवलेलं माणूस घरात होतं. पुढच्या रविवारी पाय स्टुलावर आला तेव्हा टाचेत खड्डा पडलेला होता. बाईंनी बोटं तपासली, नेहमीसारखं विचारलं, नेहमीसारखी उत्तरं आली. टाच तपासायचं सरांच्या पद्धतीत नव्हतं. काही दिवसांनी सर नाक मुरडत म्हणाले, "मोरी तुंबलीय का बघ गं. घाण वास येतोय."

"बघते," बाई म्हणाल्या, आणि मोरी घासली.

शेवटी सरांना ताप भरला, दातावर दात वाजायला लागले, तेव्हा बाईंनीच रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी मोजा काढला. खोलीतली नर्स खिडकी उघडायला गेली. डॉक्टरांनी बूट उलटा करून आत बोट फिरवलं, त्यांचा हात झटकन बाहेर आला.

"तुम्ही दर आठवड्याला टोचून बघत होता ना?"

"होते की," बाई म्हणाल्या. "दर वेळी टोचली म्हणाले. त्यांनाच विचारा."

सर तापात होते, तरी त्यांनी मान हलवली. टोचत होती, ते म्हणाले. मला कळत होतं.

पाय गुडघ्याखाली कापला. ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसून बाई हमसून हमसून रडल्या, आणि ते रडू खरं होतं. मुलगी आली. ती म्हणाली, "आई, तुझं लक्ष कुठे होतं?" बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पदराला डोळे पुसले. चार दिवस राहून मुलगी गेली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बाईंना कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. "एक लक्षात ठेवा. नसलेला पायसुद्धा दुखतो. तुटलेल्या नसा वर खोट्या बातम्या पाठवत राहतात, आणि मेंदूला अजून वाटतं, पाय आहे. पेशंट लाजतात, वेड लागलं म्हणतील म्हणून सांगत नाहीत. ते आता बरेच दिवस बाहेर पडणार नाहीत. दुखतंय म्हणाले तर तुम्ही मला कळवा. औषध आहे. कदाचित तुमची गोळीच लागू पडेल."

"कळवीन," बाई म्हणाल्या.

सर पलंगावर आले. खिडकीशी पलंग, समोर तक्ता. काही दिवस ते भिंतीकडे तोंड करून होते. मग एका दुपारी जेवणाचं ताट उचलायला बाई आल्या तेव्हा त्यांनी त्यांचं मनगट धरलं. आवाज वर्गातला नव्हता.

"अगं, अंगठा जळतोय."

"कुठला?"

"तोच. गेलेला. कुणीतरी निखाऱ्यावर धरलाय. टाचेत खिळा ठोकतायत. परवापासून चाललंय. कुणाला सांगू नकोस, हसतील. पण काहीतरी कर. तू सांग, काय करू मी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकावरच्या पोराच्या डोळ्यांत यायचं, तसंच. बाईंनी चादर उचलली. गुडघ्याखाली पट्टी होती आणि पट्टीखाली गादी.

"दाखवा," त्या म्हणाल्या. "कुठाय अंगठा?"

"खरं सांगतो गं. शपथ. खरंच दुखतंय."

ते खरं होतं, आणि बाईंइतकं ते या घरात कुणालाच कळलं नसतं. दिसत नाही, सूज नाही, जखम नाही, आणि जीव जातोय, हे त्यांनी किती वर्षं भोगलं होतं. त्यांच्या गालाला आठवणीनंच पीळ पडल्यासारखं झालं. टेलिफोन दोन पावलांवर होता. गोळ्यांची डबी टेबलावर होती.

बाईंनी चादर नीट केली, कडा गादीखाली खोचल्या.

"सूज नाही, जखम नाही, पाय नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं डोक्यात असतं. डोकं दुसरीकडे वळवा."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. आपलं वाक्य त्यांनी ओळखलं. त्यांनी तोंड उघडलं, पण नेमकी तेव्हाच कळ आली असावी, कारण त्यांनी गादी मुठीत धरली आणि बोलायचं राहून गेलं. बाईंनी डबीतली एक गोळी काढली, त्यांच्यासमोर पाण्याबरोबर घेतली, आणि डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवली, जिथे दोन पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाचाच हात पोचतो. मग त्या मोरीवर गेल्या. नळ सोडला, दोन्ही ओंजळी भरल्या आणि डावा गाल सावकाश धुतला. बाहेरून सर हाका मारत होते. नळाचा आवाज मोठा होता, आणि बाईंनी तो आणखी सोडला.